मुक्काम पोस्ट

वाईच्या घराच्या हक्कसोडपत्राचा मसुदा वकिलांनी माझ्या हाती दिला, तेव्हा मामांच्या नावापुढची पत्त्याची ओळ कोरी होती. ‘तेवढा पत्ता भरा,’ असे म्हणून ते पुढच्या पक्षकाराकडे वळले. मी घरी येऊन आईला विचारले. आईपाशी एक जुनी वही आहे. तीत मामांचे पत्ते एकाखाली एक लिहिलेले आहेत. वरचा खोडायचा आणि खाली नवा लिहायचा अशी तिची रीत. पहिला १९७४ सालचा, विद्यापीठाच्या वसतिगृहाचा. मग भाड्याच्या घरांचे तीन. मग न्यू जर्सीचा, जो एकतीस वर्षे खोडावा लागला नाही. सर्वांत खाली टेक्सास राज्यातल्या लिव्हिंग्स्टन या गावाचा. ‘पण तिथं तो राहत नाही हं,’ आई म्हणाली, ‘तिथं नुसतं त्याचं टपाल राहतं.’

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी, २०१८ साली, मामा-मामींनी न्यू जर्सीतले दुमजली घर विकले आणि चाकांवरचे घर घेतले. अमेरिकेत त्याला आरव्ही म्हणतात. मागे ओढून न्यायचे, गाडीतच सामावलेले, बसएवढे अवाढव्य, साध्या व्हॅनला आतून फळ्या ठोकून केलेले, असे त्याचे नाना प्रकार. सुटीपुरते ते वापरणारे पुष्कळ. परंतु दुसरे घरच न ठेवता बाराही महिने त्यात राहणारे, बहुधा निवृत्त, असाही एक मोठा वर्ग त्या देशात आहे. माणूस कोठेही हिंडो, वाहनपरवाना, मतदान, विमा यांसाठी त्याला एखाद्या राज्याचा रहिवासी असावेच लागते. टेक्सास, फ्लॉरिडा आणि साउथ डकोटा ही राज्ये या मंडळींना प्रिय, कारण तेथे राज्याचा प्राप्तिकर नाही आणि टपालासाठी पत्ता पुरवणाऱ्या संस्था आहेत. लिव्हिंग्स्टनला अशा फिरस्त्यांचा १९७८ साली स्थापन झालेला एक क्लब आहे. हजारो माणसांचे टपाल तेथे गोळा होते आणि सांगाल त्या गावी धाडले जाते. आपण पत्ता लिहिताना ‘मुक्काम पोस्ट’ हे दोन शब्द एका दमात लिहितो. मुक्काम एकीकडे आणि पोस्ट दुसरीकडे अशी त्यांची फारकत होऊ शकते, हे माझ्या ध्यानी त्या दिवशी प्रथम आले.

घराची हकीकत थोडक्यात सांगते. आजोबांनी बांधलेले, कृष्णेच्या घाटापासून चार मिनिटांवरचे, पुढे ओसरी आणि मागे आड असलेले ते घर आई आणि मामा या दोघांच्या नावे आहे. आई सत्याहत्तर वर्षांची. तेथे एकटी राहते. माजघराची तुळई वाकली आहे. पावसाळ्यात तीन ठिकाणी घमेली ठेवावी लागतात. एक बांधकाम व्यावसायिक घर घ्यायला तयार आहे आणि आईने साताऱ्याला माझ्याकडे यावे असे मला वाटते. मामांनी फार पूर्वीच ‘मला त्यातलं काही नको’ असे सांगून ठेवलेले. उरला होता तो कागद. फोनवर ते ‘हो, हो, पाठव’ म्हणत आणि कागद कोठेतरी राही. तीन वर्षे हेच चालले होते. शेवटी २०२३ च्या दिवाळीच्या सुटीत, भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेऊन, हक्कसोडपत्र आणि कुलमुखत्यारपत्र अशी दोन्ही कागदे पिशवीत घालून मी स्वतः निघाले.

फिनिक्सच्या विमानतळावर मामा लहान मोटार घेऊन आले होते. ही मोटार एरवी मोठ्या गाडीच्या मागे जोडून ओढत नेतात. होडीला डोंगी बांधावी तशी. तेथून पश्चिमेला सुमारे दोनशे किलोमीटरवर क्वॉर्टसाइट. दोन-चार हजार वस्तीचे वाळवंटातले गाव, उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो तेव्हा जवळजवळ ओस पडणारे. हिवाळा आला की उत्तरेकडचे, कॅनडापर्यंतचे, म्हातारे पक्ष्यांच्या थव्यांसारखे खाली उतरतात. त्यांना तेथे ‘स्नोबर्ड’ असेच म्हणतात. गावाच्या दक्षिणेला केंद्र सरकारच्या मालकीची खडकाळ, सपाट, निवडुंगांची जमीन आहे. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल एवढ्या सात महिन्यांच्या मुक्कामाचे तेथले शुल्क २०२३ साली १८० डॉलर होते. त्यात पाण्याचा नळ, कचरा टाकण्याची सोय आणि मैला रिकामा करण्याची जागा. वीज नाही, ती ज्याने त्याने छपरावरच्या सौरपट्ट्यांतून काढायची. तेवढेही पैसे नसतील त्याने थोडे पलीकडे चौदा दिवस फुकट उतरावे आणि मग हलावे. आम्ही पोचलो तेव्हा सूर्य मावळत होता. नजर जाईल तेथवर पांढऱ्या गाड्या विखुरलेल्या होत्या आणि प्रत्येकीपुढे घडीच्या खुर्च्यांवर दोन-दोन माणसे पश्चिमेकडे तोंड करून बसली होती. शेकडो वानप्रस्थी एकाच वेळी संध्या करीत आहेत असे मला वाटले. प्राध्यापकी दृष्टान्त खरा, पण त्या क्षणी सुचला तो हाच.

गाडी एकोणतीस फूट लांब. कळ दाबली की बैठकीची भिंत दीड हात बाहेर सरकते आणि खोली रुंद होते. ओटा, शेगडी, न्हाणी, पलंग, सगळे हाताच्या अंतरावर. मामांनी उत्साहाने सर्व दाखवले. त्यांनी चाळीस वर्षे पूल बांधले, त्यामुळे कोणतीही वस्तू दाखवताना ते तिच्यावरचा भार सांगतात. गाडीच्या पोटात तीन टाक्या. एक स्वच्छ पाण्याची, दुसरी भांडी-आंघोळीच्या सांडपाण्याची, तिसरी शौचकूपाची. दर काही दिवसांनी ठरावीक जागी जाऊन, नळी जोडून, तिसरी टाकी स्वतः रिकामी करावी लागते. आधी मैला सोडायचा आणि मग सांडपाणी, म्हणजे नळी धुऊन निघते. हे काम मामा करतात. दुसऱ्या दिवशी रबरी हातमोजे चढवून ते नळी जोडू लागले तेव्हा मामी माझ्या कानाशी म्हणाली, ‘लग्नानंतर वाईला आलो होतो तेव्हा जेवल्यावर स्वतःचं ताट उचलायला लागले, तर तुझ्या आजीनं आकांत केला होता.’ मी हसले. नंतर मात्र बराच वेळ ते दृश्य मनातून गेले नाही. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात वानप्रस्थाचे नियम आहेत. कातडी सुरकुतली, केस पिकले, मुलाचे मूल पाहिले, की गृहस्थाने अरण्याकडे निघावे. काय खावे, काय नेसावे, कोठे झोपावे, हे सर्व त्यात तपशीलवार आहे. स्वतःचा मैला स्वतः वाहून नेणे हे तप म्हणून सांगितलेले मला तरी स्मरत नाही. ते ज्यांच्याकडून करवून घेतले गेले, त्यांना आश्रमांचे हे टप्पे मोकळे नव्हतेच.

त्याच अध्यायात आणखी एक गोष्ट आहे. पत्नीला मुलांवर सोपवून जावे किंवा बरोबर न्यावे, असे दोन पर्याय दिले आहेत. तिला काय हवे ते विचारावे, हा तिसरा नाही.

मामीला काय हवे होते हे मला आठ-दहा दिवसांत हळूहळू समजले. तिचा देव्हारा ओट्याखालच्या दुसऱ्या खणात आहे. गाडी उभी असली की अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण ओट्यावर येतात. निघायच्या आधी ते हातरुमालात गुंडाळून खणात जातात आणि खणाची कडी लागते. ‘देवसुद्धा सीटबेल्ट लावून बसतात आमच्याकडे,’ ती म्हणाली. न्यू जर्सीत तिने कढीपत्त्याचे झाड कुंडीत वाढवले होते, हिवाळ्यात घरात घेऊन, दिव्याच्या उजेडावर जगवलेले. घर विकताना बाकी सारे वाटून टाकले, पण ती कुंडी गाडीत घेतली. एका राज्याच्या सीमेवर वनस्पतींची तपासणी झाली आणि कुंडी तेथेच ठेवून घेतली गेली. कढीपत्ता हा लिंबाच्या कुळातला. लिंबू-संत्र्यांच्या बागांचा नाश करणारा रोग पसरवणारी एक बारीक कीड त्याच्या पानांवरही पोसते, म्हणून तो इकडून तिकडे नेण्यावर निर्बंध आहेत. नियम योग्यच आहे आणि मामीलाही तो मान्य आहे. ‘पण बावीस वर्षांचं झाड होतं गं,’ एवढेच ती म्हणाली. तेव्हापासून ती फोडणीत वाळलेली पाने चुरून टाकते.

मामांच्या बाजूनेही लिहायला हवे. नाहीतर मामीची बाजू घेऊन त्यांना मी हट्टी म्हाताऱ्याच्या साच्यात बसवीन आणि ते अन्यायाचे होईल. अमेरिकेला जाण्याआधी, विद्यार्थी असताना, त्यांनी पुण्यात ‘नटसम्राट’ पाहिले होते. शिरवाडकरांचे ते नाटक १९७० साली रंगभूमीवर आले आणि त्या पिढीतल्या पुष्कळांच्या मनात म्हातारपणाची एक धास्ती घालून गेले. ‘सगळं मुलांना देऊन त्यांच्या दाराशी गेलं की काय होतं, ते मी पंचविशीच्या आत पाहून ठेवलंय,’ मामा म्हणाले. त्यांची मुले दोन किनाऱ्यांवर, सिॲटल आणि बॉस्टन. दोघेही प्रेमळ, दोघांच्याही घरी पाहुण्यांची खोली आहे. मामांना त्या खोलीत राहायचे नाही. गाडी घेऊन जावे, मुलाच्या दारापुढे उभी करावी, आठवडाभर नातवंडांना गोष्टी सांगाव्यात आणि कोणी कंटाळण्याच्या आत निघावे, हा त्यांचा हिशोब. शिवाय त्यांना खरोखरच पाहायचे होते. अमेरिकेत चव्वेचाळीस वर्षे काढली आणि काम, कर्ज, शाळा यांच्यापायी देश पाहिलाच नाही, ही त्यांची खंत होती. बासष्ट वर्षांवरच्यांना ऐंशी डॉलर भरून राष्ट्रीय उद्यानांचा आजन्म परवाना मिळतो. तो ते पाकिटात नोटांच्या पुढे ठेवतात. येलोस्टोनला पहाटे चार वाजता उठून वाफेत उभे राहिलेले गवे पाहिल्याचे ते सांगू लागले, तेव्हा त्यांचा आवाज आजोबांसारखा झाला.

वर्गात मी प्रवासवर्णन शिकवताना गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ नेहमी घेते. द्रव्यार्जनासाठी वरसईहून उत्तरेला निघालेला, सत्तावन्नच्या धामधुमीत सापडलेला तो भिक्षुक अखेर गंगेची कावड घेऊन घरी परततो. आपल्याकडच्या प्रवासाला, वारीलासुद्धा, परतणे गृहीत असते. निघताना मी मामांसाठी स्टाइनबेकचे ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ नेले होते. स्टाइनबेक १९६० साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, छोट्या ट्रकवर खोली बसवून, चार्ली नावाच्या कुत्र्यासह अमेरिका पाहायला निघाला. गाडीला त्याने डॉन किहोटेच्या घोड्याचे नाव दिले, रोसिनान्ते. पुस्तक १९६२ साली आले. त्यातले किती संवाद खरे आणि किती रात्री त्याने खरोखर त्या गाडीत काढल्या याबद्दल पुढे शंका घेतल्या गेल्या, पण शेवट मला फार आवडतो. सारा देश पालथा घालून आलेला हा माणूस न्यूयॉर्कमध्ये, घरापासून हाकेच्या अंतरावर, रस्ता चुकतो. मामांनी पुस्तक दोन रात्रींत वाचले आणि अभिप्राय दिला, ‘ट्रकवर वजन जास्त झालं होतं त्याच्या.’

लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते. मामीने गाडीच्या कापडी छज्जाला आकाशकंदील टांगला. खडीवर रांगोळी उठेना, म्हणून मी गाडीतला पुठ्ठा पसरून त्यावर काढली. शेजारच्या गाड्यांतून माणसे आली. कॅनडातून आलेले एक निवृत्त पोस्टमन आणि त्यांची पत्नी. मिनेसोटाची एक विधवा. आणि जरा अंतरावर, जुन्या छोट्या व्हॅनमध्ये एकटी राहणारी अडुसष्ट वर्षांची बाई. तिला मामीने मुद्दाम बोलावले होते. तिने शंकरपाळे आवडीने खाल्ले आणि यात साखर उसाची की बिटाची, असे विचारले. मला प्रश्न कळेना. तेव्हा ती सांगू लागली. ऑक्टोबरभर ती मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटा यांच्या सीमेवर रेड नदीच्या खोऱ्यात साखरेच्या बिटाच्या हंगामावर होती. बारा-बारा तासांची पाळी. ट्रक येतात, बिटांच्या राशी लावणाऱ्या यंत्रापाशी उभे राहून ते रिकामे करवून घ्यायचे, नमुने काढायचे, सांडलेले बीट फावड्याने लोटायचे. रात्री गोठवणारा वारा. हे तिचे चौथे वर्ष. घरभाडे भरून तिच्या निवृत्तिवेतनात औषधे बसत नाहीत, म्हणून तिने घरभाडे सोडले. बोलताना तिने कोठेही आवाज चढवला नाही आणि वाटीतला शेवटचा शंकरपाळा रुमालात बांधून नेला.

साखर आणि स्थलांतर यांचा संबंध सातारा जिल्ह्यातल्या माणसाला कोणी समजावून द्यावा लागत नाही. दिवाळी सरली की आमच्या रस्त्यांवरून बीडकडच्या ऊसतोड्यांचे ट्रॅक्टर जातात. वर पाचटाच्या, ताडपत्रीच्या खोप्या उभारण्याचे सामान, त्यावर माणसे, भांडी, लेकरे, कोंबड्या. त्या बाईची व्हॅन आणि तो ट्रॅक्टर एक नाहीत हे मला कळते. तिला मतदान आहे, औषधाचा विमा आहे, कोयता नाही, मुकादमाची उचल नाही. तरीही त्या रात्री मला झोप येईना. जेसिका ब्रूडर यांचे ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक २०१७ सालचे, आणि त्यावरून क्लोई झाओ यांनी केलेल्या चित्रपटाला २०२१ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. २००८ च्या मंदीनंतर घर गमावून गाड्यांतून राहू लागलेली, गोदामांत आणि बिटाच्या राशींवर हंगामी मजुरी करणारी वृद्ध माणसे त्यात आहेत, आणि क्वॉर्टसाइटही आहे. चित्रपट मी पाहिला होता. वाळवंटातली ती संध्याकाळची तांबूस छायाचित्रणे मला इतकी आवडली होती, की बिटाचा प्रसंग मी विसरून गेले होते. हे कबूल करणे भाग आहे.

लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली आले. कैकाडी कुटुंबाचे बिऱ्हाड गाढवावर. गावागावांतून हिंडणे, आणि शाळेत नाव घालायची वेळ आली की गाव कोणते सांगावे हा पेच. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना हिंडतात म्हणून गुन्हेगार ठरवले, त्यांतली ही एक. तो कायदा १९५२ साली गेला, पण रहिवासाचा दाखला आजही भटक्या-विमुक्तांच्या मुलांना सहजी मिळत नाही. आमच्या महाविद्यालयात प्रवेशाच्या वेळी दरवर्षी एखादा मुलगा तेवढ्यासाठी खिडकीपाशी ताटकळतो. मामा वर्षाला थोडे शुल्क भरतात आणि जेथे राहत नाहीत त्या गावाचा पत्ता त्यांना मिळतो. भटकणे वाईट की चांगले हे पायांवर ठरत नाही, मागे कोणता कागद आहे यावर ठरते. मामांच्या गाडीच्या कपाळावर ‘विनेबागो’ असे लिहिले आहे. आयोवा राज्यातल्या फॉरेस्ट सिटी येथे १९५८ साली सुरू झालेल्या कंपनीचे ते नाव. तिने ते आपल्या परगण्यावरून घेतले आणि परगण्याने एका मूलनिवासी जमातीवरून. त्या जमातीला एकोणिसाव्या शतकात सरकारने विस्कॉन्सिनमधून उठवले आणि मग आयोवा, मिनेसोटा, साउथ डकोटा, नेब्रास्का असे पुन्हापुन्हा हलवले. मामांना मी हे सांगितले. ते गप्प राहिले आणि मग म्हणाले, ‘अगं, मी गाडी इंजिन बघून घेतली.’

भाऊबिजेला आईचा फोन आला. तिने वाईच्या ओसरीवर पाट मांडून पाटावर फोन उभा केला होता आणि फोनला ओवाळले. मामा टोपी घालून गाडीत बसून होते. ओवाळणी म्हणून त्यांनी काय पाठवावे यावर दोघांचे नेहमीचे भांडण झाले. फोन ठेवल्यावर वेळ बरी आहे असे पाहून मी कागद काढले.

मामांनी चष्मा बदलला आणि मसुदा पहिल्या ओळीपासून वाचला. चतुःसीमेपाशी थांबले. ‘हे चूक आहे,’ ते म्हणाले. ‘पूर्वेस शेजाऱ्यांची भिंत लिहिलीय. पूर्वेला भिंत नाही, बोळ आहे. साडेतीन फुटांचा, सामाईक. आणि मागच्या आडाचा उल्लेखच नाही.’ त्यांनी कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर नकाशा काढला. ओसरी, माजघर, देवघर, आड, आडाच्या कडेचा पारिजातक, बोळ, बोळातून घाटाकडे उतरणाऱ्या सहा पायऱ्या. रेघा सरळ, मापे फुटांत, उत्तर दिशेचा बाण. एकतीस वर्षांचे घर एका दुपारच्या बैठकीत विकून टाकणाऱ्या माणसाने पन्नास वर्षांपूर्वी सोडलेल्या घराचा नकाशा दहा मिनिटांत काढला. ‘दुरुस्त करून पाठव. चुकीच्या कागदावर मी आयुष्यात सही केलेली नाही.’

मी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला हाजी अलीची कबर दाखवायला घेऊन गेले. मुंबईकरांना हे नाव ऐकून वरळीचा समुद्र आठवेल. हा हाजी अली निराळा. अमेरिकन लष्कराने १८५६ साली वाळवंटात ओझी वाहण्यासाठी मध्यपूर्वेतून उंट आणले, त्यांच्याबरोबर आलेला हा उंटवाला. उच्चार न जमल्याने लोकांनी त्याचे नाव ‘हाय जॉली’ केले. उंटांचा प्रयोग फसला, उंट विकले गेले किंवा सोडून दिले गेले आणि हा माणूस तेथेच राहिला. १९०२ साली क्वॉर्टसाइटला वारला. १९३५ साली उभारलेल्या त्याच्या दगडी पिरॅमिडवर पत्र्याचा उंट आहे आणि खालच्या लेखात हा त्याचा अखेरचा मुक्काम असल्याचे लिहिले आहे. परतताना मामांनी डावीकडून येणाऱ्या एका गाडीला जागा दिली नाही. तिने जोरात भोंगा वाजवला. मामा म्हणाले, ‘कुठून आली ही?’ रस्ता सरळ होता आणि दोन्ही बाजूंना मैलभर काही नव्हते.

त्या रात्री मामा झोपल्यावर मामी आणि मी बाहेर बसलो. मामांना काचबिंदू आहे. समोरचे दिसते, कडेचे कमी होत चालले आहे. मुलांना सांगायचे नाही अशी ताकीद. लिव्हिंग्स्टनच्या त्या क्लबाने आपल्या थकलेल्या सभासदांसाठी एक सोय उभी केली आहे. गाडी एका जागी कायमची उभी करायची, राहायचे आपल्याच गाडीत, जेवण आणि मदतीची माणसे तेथे मिळतात. मामीने त्याची माहिती वर्षापूर्वीच छापून देवांच्या खणात ठेवली होती. ‘यांना दाखवली, तर म्हणाले, पांजरपोळ आहे तो. तिथं तरी खालच्या मातीत काही लावता येईल, एवढंच मी म्हटलं होतं.’ मग थोड्या वेळाने म्हणाली, ‘आणि तो नकाशा तू मनावर घेऊ नकोस. सही करायचीच नाहीये त्यांना. कुठं तरी नाव असलं म्हणजे हिंडायला बरं वाटतं, असं एकदा म्हणाले होते.’

‘आणि तुझं नाव गं, मामी?’ मी विचारले. ती हसली आणि खुर्च्यांच्या घड्या घालू लागली.

परत आल्यावर मी आईला नकाशा दाखवला. तिने बराच वेळ पाहिला. बोळ १९९१ साली शेजाऱ्यांनी बांधून घेतला. तेव्हा भांडण नको म्हणून आई गप्प बसली आणि मामांना कळवायचे राहून गेले. पारिजातक त्याच्याही आधी वठला होता. आड मात्र आहे, वर जाळी टाकलेला. आईने नकाशा परत दिला नाही. वहीत, पत्त्यांच्या पानावर, घडी करून ठेवला.

वकिलांनी आड घालून आणि बोळ वगळून मसुदा पुन्हा केला. पूर्वेस भिंत आहे ती का आहे, याचे एक पत्र मी मामांना सविस्तर लिहिले आणि दोन्ही लिव्हिंग्स्टनला धाडले. मार्चमध्ये मामीचा फोन आला. डॉक्टरांनी मामांचे वाहन चालवणे बंद केले. घर घेतल्यापासून ती मोठी गाडी मामीने कधी चालवली नव्हती. एकोणसत्तराव्या वर्षी, रिकाम्या मैदानात मामांनी शेजारी बसून ओरडत ओरडत तिला चार दिवस शिकवले. ‘उलटी घेता येत नाही अजून. पण पुढं जाते.’ त्या टेक्सासच्या दिशेने निघाल्या आहेत असे ती म्हणाली. कागदाचे तिने काही काढले नाही आणि मीही विचारले नाही.

गेल्या आठवड्यात व्यावसायिकाचा माणूस वाईला पुन्हा येऊन गेला. आईने त्याला ओसरीवर बसवून चहा दिला. भाऊ कुठे असतात, असे त्याने विचारले, तेव्हा तिने मला फोन लावला. मी मामीचा सकाळचा निरोप पाहून सांगितले, ‘न्यू मेक्सिको. वाऱ्यामुळं दोन दिवस थांबलेत.’ आईने ते त्याला जसेच्या तसे सांगितले. पलीकडून त्याचा आवाज मला ऐकू आला, ‘म्हणजे आजी, पत्ता काय लिहू?’